बीमखाली गेलेला पाय

मार्च १९७४. सकाळी साडेआठला गिरणीत ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ, म्हणजे बीम, ईरप्पाच्या उजव्या पायावर पडला. तासाभराने तो बायको चंद्रव्वासह सरकारी दवाखान्याच्या बाकावर होता. शेजारी नंबर धरून बसलेल्या महिपतीच्या कानावर त्यांचं बोलणं पडत होतं.

“पडला, की तुमीच पाय घातला?”

“निसटला गं. खाली आपटला असता तर सगळं सूत गुतलं असतं. पाय आपसूक म्होरं गेला.”

“अनवाणीच?”

“मागावर चपला घालून कोण जातंय?”

“अन् सूत?”

“एक तार तुटली न्हाय!”

“लई शाणे. आता बोटं हालवा बघू.”

“हालवतोय की.”

“त्या न्हवं, ह्या पायाची!”

“...तू गिरणीच्या गेटावर जा. माज्या मागावर बदलीवाला कोण घेतलाय बघ. त्याला सांग, उद्या मी येणार हाय.”

“कुठल्या पायावर?”

ईरप्पाला आत नेलं. बऱ्याच वेळाने कंपाउंडर बाहेर आला. बोटं काढावी लागतील म्हणाला; किती, ते डॉक्टरांनी अजून ठरवलेलं नव्हतं.

चंद्रव्वा उठली, महिपतीकडे वळली.

“दादा, त्यांनी इचारलं तर सांगा, त्यांचा माग राखाया गेटावर गेलीया म्हणून.”

दुपारी नंबरांची खिडकी बंद होईपर्यंत ती परतलेली नव्हती.