रतन्याच्या कपारीतली जवारी

आमचं गाव जवळा बाजारच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी कासाबाई, जन्म तिथलाच, लग्न होऊन हट्टा गावी गेले अन् तीन वर्सांत नवरा वारला, तर कडेवर पोरगी घेऊन परत बापाच्याच घरी आले. निजामाचं राज व्हतं तवा. डोंगरात रतन्याची कपार हाय, तुमच्यासारखे लोक आता मोटरीतून बघाया येतेत. रतन्या दरोडेखोर, कवाचा कुणास ठाऊक, माझ्या आजानंबी पाह्यला न्हाई. सावकाराची कोठारं फोडायचा अन् धान्य कपारीत आणून टाकायचा, मंग ज्याच्या घरी चूल पेटली न्हाई त्यानं घेऊन जावं, कुणी कुणाला इचारायचं न्हाई. अशी ती गोष्ट. अन् सांगणारा माझा बा.

बा कपारीचा पुजारीच म्हणा, कुणी नेमला नव्हता पण दर अवसंला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा अन् गोष्ट सांगायचा. काय सांगू तुम्हाला, बाया रडायच्या ऐकून, मीबी रडायची. गावात कुणी खोटं बोलतंय असं वाटलं की त्याला कपारीत न्यायचे, डावा हात शेंदराच्या दगडावर, जिभंवर मिठाचा खडा, अन् बा म्हणायचा, बोल, रतन्याची आण. ती आण मोडलेला माणूस आमच्या गावानं पाह्यला नव्हता.

मंग ती मोठी लढाई सुरू झाली, लांब कुठंतरी, आमाला काय तिचं, पण सरकारनं धान्याची लेव्ही बसवली, पिकातला वाटा सरकारात घालायचाच म्हणून. जवारी मळून झाली की माणसं यायची अन् पेवं उकरायची. पेव म्हंजे जमिनीतला खड्डा हो, वर्साचं धान्य त्यात ऱ्हायचं. लई तकलीफ झाली लोकांला. तवा बा म्हणला, पेवातलं सापडतंय, कपारीत कोण जातंय हुडकाया, रतन्या राखंल. गावानं जवारी काढून दिली. एकेकानं आण घेतली, कुणाला सांगणार न्हाई म्हणून. बानं समद्यांला आण दिली, अन् बाला कुणी दिलीच न्हाई. ध्यानातच आलं न्हाई कुणाच्या. पुजाऱ्याला कोण आण घालतंय?

पल्याड लमाणांचा तांडा व्हता, तिथले लोक जवारी द्याया तयार नव्हते. सोमली माझी मैतरीण, तांड्यावरलीच, आमी रोज सरपणाला संगं जायचो, तिच्या लेकराला म्या पाजलंय, माझ्या पोरीला तिनं. ती म्हणली, तुमच्या गावाचा भरवसा न्हाई. म्या म्हणलं, गावाचा नको धरू, माझ्या बापाचा धर. असं म्हणलं म्या, ह्याच तोंडानं. मंग तिनं तिची पिवळी जवारी आणली, अन् तिचं बघून तांड्यावरल्या बाकीच्यांनीबी. पिवळी निस्ती तांड्यावरच पेरायचे, गावात समदी पांढरी. कपारीचं तोंड माणसांनी दगडमातीनं चिणलं अन् वरून सोमलीनं अन् म्या शेणानं लिंपलं.

महिना झाला नसंल, लेव्हीची माणसं आली ती सरळ डोंगर चढली. कुणाला इचारलं न्हाई, काही न्हाई. भर दुपारी गाड्या भरल्या. सोमली माझ्याकडं बघून राहिली. म्या म्हणलं, सोमले, म्या न्हाई सांगितलं. आठ दिवसांत तांड्यावरली निम्मी घरं पोटासाठी उठून गेली, त्यात तीबी गेली.

गावानं चिंचोके उकडून खाल्ले. आमच्या घरी भाकर व्हती. बा म्हणायचा, थोडी दडवून ठिवली व्हती, गप खा. काहून इचारू मी, बाप हाय. मंग एक दिवस त्यानं माळ्यावरून नवं पोतं काढून दिलं. जात्यात दोन मुठी घातल्या अन् पीठ पडलं ते पिवळं. हात थांबला माझा. बा, ही सोमलीची जवारी हाय.

त्यानं लपवलंबी न्हाई. म्हणला, पाटलाला वास लागलाच व्हता, म्या जागा दावली तर आपल्याला दोन पोती सोडली. म्या म्हणलं, अन् रतन्या? तर बा म्हणला, अगं, रतन्यानं सोताचंच घर भरलं व्हतं, गरिबाला वाटल्याचं म्या गोष्टीत मागून जोडलं.

माझा बाप त्या दिवशीच मेला माझ्यापुरता. असा राग आला की जातं उचलून त्याच्या पुढ्यात आपटावं. पण पोरगी भुकेनं रडून राहिली व्हती. म्या जातं पुन्हा फिरवलं.

निजामाचं राज गेलं त्या साली गावानं कपारीपुढं झेंडा लावला, बाला हार घातला. बानं गोष्ट सांगितली अन् लोक बराबर रडले. मी घरीच बसले. त्याच हिवाळ्यात जवळ्याच्या बाजारात सोमली दिसली, कांद्याची पाटी घेऊन बसलेली. म्या तिला समदं सांगितलं, बापाचं नाव घेऊन. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, कासे, कळल्यावर त्या जवारीचं तू काय केलंस?

म्या म्हणलं, दळली.

तिनं पाटी डोक्यावर घेतली अन् दुसरीकडं जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बा न्हाई, कपारीपाशी दुसरीच माणसं ती गोष्ट सांगतेत. तुमी लिहून नेता तर सोमलीचं नाव लिहा. जिथं असंल तिथं तिच्या लेकराबाळांला भाकर कमी पडू न्हाई. माफी मातर तिला म्या मागितली न्हाई. कोणत्या तोंडानं मागू, बापानं चोरली ती चोरली, पण कळून-सवरून खाल्ली ना म्या.