उदाहरण पुस्तकातलंच हवं

हक्कांचं मला सांगू नकोस रे, त्यातच माझा गुण कापला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी परळच्या शाळेत सातवीत होते. आमचे वडील गिरणीतून सुटून सभेला गेले आणि पोलिसांच्या गोळीने गेले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी परीक्षा. प्रश्न होता, ‘नागरिकाचा एक हक्क उदाहरणासह लिहा.’ मी लिहिलं, ‘सभेला जाण्याचा हक्क. उदाहरणार्थ, माझे वडील.’

पेपर वाटताना बाईंनी मला उभं केलं. ‘हक्क बरोबर आहे, पण उदाहरण पुस्तकातलंच हवं. एक गुण कापलाय.’

मी विचारलं, ‘बाई, पुस्तकातला माणूस सभेहून घरी येतो का?’

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘तो भाग परीक्षेला नाही.’