हिरवा ठिपका आणि एकच कढई

अगं, ऐक तर! आपली सारिका अमळनेर स्टँडवर धुळ्याच्या बसमध्ये बसलेली, दिवस मावळायला टेकलेला. पुढच्या सीटवर प्रेमकुंवर आजी नि त्यांची नात पलक. खिडकीखाली वेफर्सची टोपली घेऊन भिकुबाई.

“दादी, सकाळपासून उपाशी आहात. सूर्य बुडाला की तुम्ही पाणीसुद्धा घेणार नाही. केळीचे वेफर्स घेऊ?”

“यात कांदा-लसूण नाही ना, बाई?”

“दादी, पाकिटावर हिरवा ठिपका आहे, ‘शुद्ध’ छापलंय!”

“पोरी, कांदाना भजासले बी हिरवाच ठिपका ऱ्हास.”

“म्हणजे?”

“वेफरमा कांदा नही. पण मनी कढई एकच शे. सकाळे त्याच तेलमा कांदाना भजा व्हतात. लेऊ नका, अक्का.”

“मावशी, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं!”

“अक्कानी इचारं ना! मंग?”

“मग ‘शुद्ध’ कुणी छापलं?”

“पाकिटं बजारमा तयार भेटतस. छापणारासले मनी कढई कोठे माहीत?”

“हसू नकोस गं पलक. बाई, आता मी काय खाऊ?”

“थांबा. हाई केळं ल्या, मना वावरनं शे. मनासाठेच आणेल व्हतं. साल तुम्हीच काढा.”

“तुमच्या तोंडचं मला देताय? बाई, माझा नेम राखलात हो! कुठल्या जन्मीचं...”

“हात काय जोडी राहिनात, अक्का? तो सूर्य दखा, चालना! आधी खावा!”

तशी सारिकाच काय, ड्रायव्हरसकट अख्ख्या बसनं मान वळवून सूर्याकडे पाहिलं.