गच्चीवर पाऊण तास

ते खराडीचं स्थळ आठवतंय ना, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात मारायचं ठरवलेलं? पोहे झाल्यावर बाबा म्हणाले, "तुम्ही दोघं गच्चीवर जाऊन मोकळेपणाने बोला."

मोकळेपणाने तो एकटाच बोलला, पाऊण तास. म्हणे, माणसाला भाषा सुचली तीच मुळी नराने मादीवर छाप पाडावी म्हणून. नराने बोलायचं, मादीने निवडायचं. मी काय करते, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही.

खाली आलो, तर त्याची आई बाबांना म्हणाली, "मुलगी अबोल दिसते. चालेल आम्हाला."

मी म्हटलं, "काकू, यांच्याच शास्त्राप्रमाणे यांचं बोलून झालंय आणि माझं निवडून झालंय. रिक्षा बोलावू का?"