तोंड उघडण्याची स्पर्धा

चहा आधी संपवा रे, नाहीतर नाकातून येईल. ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट, नाहूरच्या आमच्या चाळीतली. कॅन्सर लवकर कळला तर बरा होतो, म्हणून एक डॉक्टरीणबाई फुकट तोंडं तपासायला आल्या. तासभर टेबल मांडून बसल्या, पण एक गडी फिरकेना. सगळे तंबाखूवाले, त्यामुळे सगळ्यांचीच टरकलेली.

शेजारच्या बाबल्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, ह्यांच्या गालात आतून पांढरा डाग आलाय. काहीही करा, पण ह्यांना तिथं बसवा."

बाबल्याला विचारलं तर म्हणतो, "माका काय धाड भरली हा?"

मग मी जिन्यावर उभं राहून जाहीर केलं, "तोंड उघडण्याची स्पर्धा आहे. बाई बॅटरी मारून बघणार. ज्याचं सगळ्यात मोठं उघडेल त्याला नारळ."

पाच मिनिटांत रांग लागली, आणि सगळ्यांना ढकलून पुढे कोण, तर बाबल्या.

बाईंनी नीट पाहिलं. म्हणाल्या, "हा डाग बरा नाही, पण वेळेवर आलात. तंबाखू आजपासून बंद, आणि सोमवारी हॉस्पिटलात या."

बाबल्या तोंड मिटेचना. तसाच आ वासून "आँ? आँ?" करत राहिला. बाई घाबरल्या.

मी म्हटलं, "काही नाही हो, नंबर कितवा आला ते विचारतोय."

बाईही पोचलेल्या. म्हणाल्या, "पहिला. पण फायनल सोमवारी हॉस्पिटलात आहे. तंबाखू खाल्ली तर बाद."

सोमवारी गेला की बाबल्या. टाळ्या वाजवायला अर्धी चाळ सोबत घेऊन गेला.