अक्काची सुई

हॅलो? … हॅलो, लातूरचा दवाखाना का? … सुभद्राबाई नर्स हायत का? … तुमीच का! मी आसाराम, धर्मापुरीचा. परळीच्या कापसाच्या जिनिंगातून बोलतोय… न्हाई बाई, ओरडत न्हाई. पहिल्यांदाच फोन धरलाय… हां, हां, कौशल्येचा मालक. माझ्या थोरल्या बहिणीला, छबुअक्काला, मधुमेहाची सुई द्यायला तुमी जिला शिकवलं, ती कौशल्या.

…न्हाई बाई. ती न्हाई आता… माहेरी गेलती, चकलांब्याला. तिथं ताप आला, तिसऱ्या दिवशी संपली. मला गुरुवारी सकाळी कळलं. तिचा भाऊ त्रिंबक दारात आला, पागोटं काढून हातात धरलं. तवाच समजलो… हो. हो… बाई, तुमी रडू नका. इथले मुनीम घड्याळ घेऊन उभे हायत. कामाचं बोलतो.

माझ्या हातून चूक झाली. जाताना ती म्हणाली, चार दिवस अक्काला सुई तुमी द्या, आन् सुईमागं लगेच भाकरी. देत होतो. त्या दिवशीही दिली, उजाडताच. तेवढ्यात त्रिंबक आला… हां, मग चूल कोण पेटवणार? मयताच्या घरी पेटवत न्हाईत. पिठलं-भाकरी शेजारून यायची, तिला दुपार झाली… हो ना, अक्का उपाशीच! घामानं भिजली, थरथर कापायला लागली, बोलणं बोबडं. बाया म्हणाल्या, कौशल्या आली अंगात. शेजारच्या वच्छलाबाईनं कुंकू लावलं, हात जोडले, "बोल बाई, काय इच्छा हाय तुझी?"… हसताय का? … हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

गूळ दिला की! … कुणी सांगितलं न्हाई. सुईच्या डबीशेजारी गुळाचा खडा असायचा. मी समजायचो, निवद हाय. मग आठवलं, पोळ्याला अक्का अशीच झालती, तवा कौशल्येनं तो तिच्या गालात सारलता… उठून बसली ना! आन् पहिलं काय म्हणाली? "मज रंडकीच्या कपाळाला कुंकू कोणत्या मेलीनं लावलं?"

पण बाई, आता सारा गाव म्हणतो सुई बंद कर, सुईनंच भूत ओढलं. बंकट पाटील तर म्हणतो, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाला सांगतो. औषधाच्या बाटल्या रेल्वेनं आल्या, त्या टेसनावरून घेतल्यात, हातात हायत. पण तुमी सांगा, देऊ का नको?

…द्यायचीच. बरं… आन् बंद केली तर? …

…समजलं. मग देणार. पाटलाला काय सांगायचं ते मी सांगतो.

हां, सांगा… आधी भाकरी ताटात, मग सुई… मयत असलं तरी. बरं… मांडीवर, रोज त्याच जागी… का, बदलायची? अहो, मी तिथं कोळशानं खूण करून ठेवलीय! … बरं, पुसतो.

साखरेचा रंग? बघतो ना. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब, दिव्यावर उकळायचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विटेसारखा लाल, साखर लई… का म्हणजे? तेराव्याचे लाडू! पदराखाली लपवून खाल्ले म्हातारीनं… काल मात्र हिरवा, साखर उतरली. नळी घेऊन मी गल्लीभर दाखवत फिरलो.

…मी? बरा हाय. तिला वेळेवर वाढायचं म्हणजे समोर मलाही बसावं लागतं. दोघंही जेवतो. भांडतो पण… हो बाई, चांगलं चाललंय.

…न्हाई, ते न्हाई झालं. कौशल्येनंही लई सांगितलं अक्काला, आपली आपण घ्या म्हणून. सुई हातात दिली की तोंड फिरवते, म्हणते, तुमी हायत ना… मलाही तीच काळजी, बाई. मी आता साठीचा, माझ्यामागं कोण देणार… हो मुनीम, झालंच… हॅलो? ऐकू येतंय का? सगळं करतो मी. पण अक्काला अजून स्वतःच्या हातानं सुई घेता येत न्हाई. तेवढं शिकवायचं राह्यलंय… हॅलो?