अक्का, येऊं का?

अमी तंजावूरचेच हो, कितव्या पिढीचे तें मला विचारूं नका, राजांच्या काळीं आमच्यांतले कोणी इकडे आले आणि राहिले, एवढेंच बाबा सांगायचे. शाळा माझी तमिळांत, तुम्ही लिहून घेतां आहांत तें मला वाचतां यायचें नाही, मग वाचून दाखवा. टेलिफोन आपिसांत मी नोकरी केली, हे कॉलेजांत गणित शिकवायचे, राजवाड्यामागच्या ह्याच गल्लींत, ह्याच भाड्याच्या घरांत संसार झाला. आमचें मराठी घरांतलें, बाहेर सगळें तमिळ. लहानपणापासून सवय काय, तर परकें माणूस समोर असलें की मनांतलें बोलायचें तें मराठींत, तेंही हसून, त्याला वाटावें कॉफी ठेवायला सांगते आहे. पडदाच तो आमचा.

मग ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणें गेलें. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा हो त्यांचा. समजतें सगळें, पण परकें कोणी आलें की तोंड भिंतीकडे करतात. खाट पुढच्याच खोलींत, न्हाणीघर जवळ पडतें मणून.

त्यांत हाउस ओनर वारले आणि मुलानें घर विकायला काढलें. घर त्याचें, विको बापडा, मी कोण नको मणणार. पण किल्ली दिली ब्रोकरला. काय सांगू तुम्हांला, मी न्हाऊन ओल्या लुगड्यानें बाहेर येते तर स्वयंपाकघरांत चपला घालून चार माणसें, एक बाई कपाट उघडून बघते आहे. फोटोही काढले. कोपऱ्यावरची फुलवाली मणते, अम्मा, घर विकतात काय, सरांचा फोटो आला आहे फोनवर. बघितलें तर ह्यांची खाट, खाटेखालचें भांडें, सगळें त्यांत. त्या दिवशीं मला अन्न गेलें नाही. भाची माझी वकिलाकडे कामाला आहे, ती मणाली, मावशी, भाड्यानें दिलेल्या घरांत आधी कळवल्याशिवाय मालकालाही येतां येत नाही, कायदाच आहे. तें मी ओनरच्या मुलाला फोनवर सांगितलें, तो सरी मामी, सरी मामी, बरें बरें, मणाला. ब्रोकरला सांगितलें तर तो हसला. लांबून येतात लोक, त्यांना परत पाठवूं काय, मणाला.

आणि पुन्हां आला, न सांगतां, एका नवराबायकोला घेऊन. ह्यांनी तोंड फिरवलें. मी आपली सवयीनें हसत हसत ह्यांना मोठ्यानें मणाले, आले बघा, लाज विकून घर घ्यायला आलेत, उद्यां तुमचें धोतरही मोजतील.

त्या बाईचा एक पाय उंबऱ्याच्या आंत होता. तो तिनें मागें घेतला. अक्का, चुकलें आमचें, मणाली. मराठींत! इथून जवळच्या तिरुवैयारुची निघाली, आमच्यांतलीच. माझें तोंड एवढेंसें झालें. ती मणाली, तुम्हांला कळवलें आहे असें ब्रोकरनें सांगितलें, अमी बाहेर बसतों, बोलवाल तेव्हां येऊं, नाही बोलवलें तर परत जाऊं. नवऱ्याच्या हातांतला फोन तिनें खाली करवला. दोघें उन्हांत ओट्यावर बसली, ब्रोकर घड्याळ बघत राहिला. मी भांडें उचललें, ह्यांचें धोतर बदललें, भांग पाडला, मग या मणाले.

तिनेंच घर घेतलें. मुलाचें लग्न आहे, त्यांना राहायला हें घर लागेल, मणून सांगितलें तिनें, लपवलें नाही. तळमजल्याचें दुसरें घर मिळेपर्यंत राहा, मणाली. भाची शोधते आहे. सोडायचें मणजे जिवावर येतें, नाही कशाला मणूं.

मापें घ्यायला ती येते, आदल्या दिवशीं फोन करते, आणि स्वतःच्याच घराच्या रांगोळीपलीकडे उभी राहून विचारते, अक्का, येऊं का? परवां माझे हात पिठांत होते. मी उत्तर देणार, तर खाटेवरून आवाज आला, या. वांकडा, जड, पण या. बघते तर हे दाराकडे तोंड करून होते.

तिची सून ह्या घरांत सुखानें नांदो. आणि त्या पोरीच्याही दारांत कोणी विचारल्याशिवाय पाय न ठेवो.